जळक्या कापसाचा वास

"काय करता तुमी?" असं कुणी विचारलं की मी सांगायची, "घरातले वास घालवते." समोरचा आधी हसे, मग हळूच स्वतःच्या शर्टाचा वास घेई. हसा म्हणावं! वास मारणाऱ्या ओझोन वायूचं मशीन घेऊन गावोगाव फिरणारी बाई तेव्हा अमरावतीत मी एकटीच होते, आणि हे सांगताना अजूनही माझी मान ताठ होते. सुरुवात चिखलदऱ्याच्या लॉजपासून केली. पावसाळ्यात तिथल्या खोल्यांना असा कोंदट वास धरतो की नाक नको होतं. माणूस, मांजर, कुंड्या सगळं बाहेर काढायचं, दारंखिडक्या लावून आत मशीन चालवायचं, आणि नंतर खोली सताड उघडून वाऱ्यावर सोडायची. ओझोन छातीत गेला तर माणूस खोकून बेजार होतो. म्हणून आत शिरायची घाई करणाऱ्याला मी सरळ झापायची, मग तो लॉजचा मालक का असेना.

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून लोक कापूस घरातच भरून ठेवत, पुढच्या खोलीत पार आढ्यापर्यंत. अकोटजवळच्या एका गावात एका काकूंच्या घरी त्या ढिगाला आग लागली. वरची आग विझली तरी कापूस आतल्या आत धुमसत राहतो. काकूंची सून तेव्हा पोटुशी होती आणि त्या धुरात कोंडली होती. शेजाऱ्यांनी ओढून बाहेर काढली म्हणून वाचली. बाळंतपणाला ती माहेरी, चांदूर रेल्वेला गेली आणि तिथून तिनं निरोप धाडला, त्या वासात मी लेकरू आणणार नाही. काकूंचा मुलगा अकोल्यात भाड्याची खोली पाहू लागला. काकूंनी भिंती घासल्या, चुना मारला, ऊद जाळला. वास काही हलेना. नातू आपल्या घरात येणारच नाही, या धसक्यानं बाई अर्धी झाली होती. मुलानं अकोल्याच्या एका हॉटेलात माझं काम पाहिलं होतं, त्यानं मला बोलावलं.

काकूंनी मशीन खालीवर पाहिलं. "एवढुशा डब्यानं वास जाईन काय व माय?"

"नाही गेला तर धंदा सोडीन," मी म्हटलं. माझं तोंड असंच.

आणि गेला की! खोली उघडली, वारा खेळला, मी कोपऱ्याकोपऱ्यात नाक घालून पाहिलं. लख्ख. इलेक्शन जिंकल्यासारखी एस.टी.त बसून मी घरी आले.

थोड्याच दिवसांत मुलाचा फोन आला, वास परत आला म्हणून. माझ्या मशीनवर ठपका! तणतणत परत गेले. वास होता, खोटं कशाला बोलू. भिंत हुंगली, स्वच्छ. आढं स्वच्छ. मग खाटेपाशी आले. मशीन लावायच्या वेळी काकूंनी बिछाना बाहेर नेला होता, तो आता परत आत आला होता. दोन नव्या गाद्या आणि लेकरासाठी एक चिमुकली गादी. तिच्यात नाक खुपसलं आणि माझं टाळकंच सरकलं.

"काकू, यात कापूस कोणता भरला?"

"त्याच ढिगाचा व. वरून जळला होता, आतून पांढराफेक होता. पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला. कापूस कोणी फेकते काय?"

हे फक्त आमच्या वऱ्हाडातच होऊ शकतं. "अवो, वास तुमी गादीत शिवून ठेवला अन् बदनाम माह्या मशीनले करून राहिल्या!" मी ओरडलेच.

काकू ओरडल्या नाहीत. त्या गादीवर हात फिरवत म्हणाल्या, "सुनेनं वेचला होता हा. पोटुशी होती तरी येत होती वावरात. तिच्या लेकराले तिच्याच हातचा कापूस, असं वाटलं मले."

वाईट वाटलं, फार वाटलं. पुन्हा मशीन फिरवते म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण गादीच्या पोटात ओझोन पोचत नाही, आणि ते मी स्पष्ट सांगितलं. खोटं बोलून मी एकही खोली साफ केलेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. काकूंनी पदरानं डोळे पुसले, तिन्ही गाद्या स्वतः उसवल्या आणि कापूस उकिरड्यावर नेऊन टाकला. मग मी मशीन पुन्हा लावलं.

सून येणार त्या दिवशी मी मुद्दाम गेले. लेकरू घेऊन ती उंबऱ्यात थबकली. मी अंगणात होते. ती चपला न काढताच आत गेली, चारी कोपरे हुंगून आली.

"कायचाच वास नाही, आई."

चुन्यानं आणि उदानं जिथं हात टेकले तिथं मी जिंकले होते. मला तर नाचावंसं वाटत होतं.

सुनेनं मग रिकाम्या खाटेकडे पाहिलं. "अन् याले निजवू कायवर?"

काकू भिंतीला टेकून खाली बसल्या आणि त्यांनी मांडी घातली. "इथंसा निजव."

सुनेनं लेकरू त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि चपला काढून ती आत चहा टाकायला गेली.