गौरवग्रंथातला एकोणिसावा लेख

चंदीगडला आमची बदली झाली तेव्हा मुलगी नववीत होती आणि मी रिकामी होते. मी इतिहासात एम.ए. केलं होतं, लग्नाआधी पुण्यात एका प्रकाशनसंस्थेत चार वर्षं प्रुफं तपासली होती. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे दर तीन-चार वर्षांनी नवं शहर. त्याच्या ऑफिसातल्या एका बाईंचे यजमान इथे विद्यापीठात इतिहास शिकवायचे. माझ्या प्रुफांची गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि एका रविवारी ते घरी आले.

"आमच्या मॅडमना पंचाहत्तर पूर्ण होतायत. त्यांच्यासाठी ग्रंथ काढायचाय," ते म्हणाले. "लेख येतील, पण ते बारकाईनं वाचणारं कोणी नाही."

त्यासाठी समिती नेमलेली होती, संपादक हे सरच. हिंदीत ते त्याला अभिनंदन ग्रंथ म्हणत. इंग्रजीत बोलताना एक जर्मन शब्द वापरत, तो समितीतला प्रत्येक जण आपापल्या पद्धतीनं उच्चारायचा. मी मनात गौरवग्रंथच म्हणत होते. आमच्या कॉलेजातल्या सरांच्या साठीला असाच एक निघाला होता. चांगला जाडजूड. तो पूर्ण वाचलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. तरी मी हो म्हटलं, कारण सकाळी सात ते दुपारी तीन घरात कोणीच नसायचं.

मॅडम इतिहास विभागातून निवृत्त झालेल्या, मूळच्या इथल्याच, पंजाबी. हे शहर वसवताना जी गावं उठवली, त्यांचा इतिहास त्यांनी जन्मभर लिहिला. कोणाच्या जमिनी गेल्या, माणसं कुठे जाऊन राहिली, तिथे त्यांनी काय केलं. आमचं सरकारी क्वार्टर ज्या सेक्टरमध्ये होतं, तिथेही एक गाव होतं, हे मला त्यांच्या पुस्तकातूनच कळलं.

चार महिन्यांत अठरा लेख आले. एकात पहिल्या आणि शेवटच्या परिच्छेदात तेवढं मॅडमचं नाव घातलेलं, मधला सगळा मजकूर जुन्या चर्चासत्रातला. तळटीपेत त्या चर्चासत्राची तारीखसुद्धा राहून गेली होती. एका विभागप्रमुखांनी लेखाऐवजी शुभसंदेश पाठवला आणि सोबत स्वतःचा फोटो. आठवणींचे लेख बरे होते, पण सहा जणांनी लिहिलं होतं की मॅडम कडक होत्या आणि हिवाळ्यात घरी केलेल्या पिन्न्या, म्हणजे तुपातले कणकेचे लाडू, खायला घालायच्या. त्यातल्या तीन लेखांतल्या पिन्न्या मी काढून टाकल्या.

मॅडमच्या लेखनाची सूची करायचं काम माझ्याकडेच होतं, म्हणून मी दर बुधवारी मोहालीला त्यांच्या घरी जायला लागले. त्या एकट्याच राहायच्या, एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर. ग्रंथाची गोष्ट त्यांच्यापासून लपवायची असं ठरलं होतं. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "बेटा, लेखकांपैकी निम्म्यांनी मलाच फोन करून संदर्भ विचारलेत. लपवायचं काय राहिलं?" मग हसून म्हणाल्या, "गौरवग्रंथ म्हणजे ज्याला त्याला घरातलं जुनं कपाट ठेवायला मिळालेली जागा. मी स्वतः असल्या ग्रंथांत चार कपाटं ठेवलीयत."

एकोणिसावा लेख मुदत संपल्यावर आला. पाठवणारे गृहस्थ चाळिशीचे, मॅडमचे विद्यार्थी नव्हते. पीएच.डी. झालेले, पण विद्यापीठात जागा मिळाली नव्हती. सेक्टर चौतीसमधल्या एका क्लासमध्ये ते स्पर्धापरीक्षांच्या मुलांना इतिहास शिकवायचे. लेख एकाच गावावर होता. मॅडमच्या पहिल्या गाजलेल्या लेखात त्या गावाबद्दल एक वाक्य आहे: लोकांनी मोबदला घेतला आणि विरोध न करता गाव सोडलं. पुढे कितीतरी जणांनी ते वाक्य जसंच्या तसं उचललं. या गृहस्थांचं घराणं त्याच गावातलं. त्यांनी म्हाताऱ्या बायकांना बोलतं केलं होतं. बायकांनी जमीन मोजणाऱ्यांच्या हातातली साखळी हिसकावून घेतली होती आणि आठ दिवस मोजणी होऊ दिली नव्हती. त्या बायकांचे अंगठे असलेला एक अर्जही त्यांनी शोधून काढला होता. भाषेत कुठेही कुरबुर नव्हती. मॅडमबद्दल एकच वाक्य होतं, त्यांच्या त्या लेखामुळेच मी या विषयात आलो.

मी लेख दोनदा वाचला. आधीच्या अठरांपैकी एकही मी दोनदा वाचला नव्हता.

संपादक सरांनी तो वाचून बाजूला ठेवला. "चांगला आहे, पण ही जागा नाही. लग्नात कोणी नवरीच्या पत्रिकेतले दोष वाचून दाखवतं का? तुम्ही त्यांना नम्रपणे कळवून टाका जी."

मी मेल लिहिली, पण ती पाठववेना. शेवटी मीच ते गृहस्थ शिकवायचे त्या क्लासवर गेले. दोन बॅचच्या मधल्या दहा मिनिटांत ते जिन्यात भेटायला आले. हाताला फळ्याच्या मार्करची शाई लागलेली होती.

"तुम्ही वाचलात लेख?" त्यांनी विचारलं.

"वाचला."

"चूक आहे कुठे?"

"मला तरी नाही सापडली."

"मग?"

मी सरांचं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले, "मी दुसरीकडे छापून आणीन, त्याचं काही नाही. पण दुसरीकडे छापला तर तो मॅडमच्या विरोधातला लेख होईल. इथे छापला तर त्यांच्यासाठी लिहिलेला होईल. मी तो त्यांच्यासाठी लिहिलाय." तेवढ्यात घंटा झाली आणि ते वर गेले.

पुढच्या बुधवारी सूचीच्या कागदांबरोबर मी तो लेखही मोहालीला नेला. हे मी करायला नको होतं, हे मला रिक्षात बसतानाच माहीत होतं. समितीनं विश्वासानं काम दिलं होतं. पण मॅडमना न विचारता त्यांच्या नावाच्या पुस्तकातून तो लेख वगळायचा, हेही मला पटत नव्हतं.

त्यांनी चष्मा लावला आणि तासभर वाचलं. मधे दोनदा मागची पानं उलटून पाहिली. मी सूचीत तारखा भरत बसले होते, त्यातल्या निम्म्या नंतर चुकीच्या निघाल्या. वाचून झाल्यावर त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि एक जुनी वही घेऊन आल्या. त्या गावाची पानं काढली. सात जणांची नावं होती. सगळे पुरुष.

"मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "गाव उठून वीस वर्षं झाली होती. लोक राहायला गेले त्या नव्या वस्तीत मी गेले होते. सरपंचांनी खाट टाकली, माणसं बोलावली. बायका आत चहा करत होत्या. मी चहा प्यायले आणि आले."

त्यांनी वही मिटली.

"मी बाई असून आत गेले नाही, बेटा. पुरुष मला अभ्यासक समजून बोलत होते ना, त्याचंच मला फार अप्रूप वाटलं होतं."

मी म्हटलं, "तेव्हा सगळेच तसं करत असतील."

"हो. पण लिहिलं मी होतं." मग त्यांनी फोन उचलला आणि संपादक सरांना लावला. "तो लेख ग्रंथात घ्यायचा. त्याच्यामागे मी दोन पानांचं टिपण देणार आहे. दोन्ही नसतील तर माझ्या नावाचा ग्रंथ काढू नका." पलीकडून "जी मॅडम" एवढंच आलं.

संध्याकाळी सरांचा मला फोन. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "तुम्ही आधी मला विचारायला हवं होतं."

"हो. विचारायला हवं होतं," मी म्हटलं.

"मग विचारलं का नाहीत?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

त्यांनी फोन ठेवला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "त्यांची बायको रोज माझ्यासमोर बसते, हे लक्षात होतं ना तुझ्या?" नव्हतं. आठवडाभर त्याला आपला डबा एकट्यानं खावा लागला, मग ते निवळलं.

ग्रंथ निघाला तो थंडीत. सरांनी लेख घेतला, पण सगळ्यात शेवटी, सूचीच्या तोंडाशी. समारंभ विद्यापीठाच्या सभागृहात झाला. शाल, फुलं, तासभर भाषणं, पुन्हा पिन्न्या. मॅडम उठल्या आणि सगळ्यांचे आभार मानून म्हणाल्या, "अठरा जणांनी माझ्याबद्दल चांगलं लिहिलंय, ते मी सावकाश वाचीन. एकानं माझी चूक लिहिलीय, ती मी वाचली. माझं जुनं काम इतकं जवळून त्याच्याशिवाय कोणी वाचलेलं नाही." ते गृहस्थ मागच्या रांगेत बसले होते. काही जणांनी वळून पाहिलं. टाळ्या जरा उशिरा वाजल्या. संपादक सर खाली बघत होते, पण टाळ्या त्यांनीही वाजवल्या.

दहा-बारा दिवसांनी मॅडमचा फोन आला. त्या गृहस्थांची आजी नव्वदीला आलेली, मोजणीची साखळी ओढणाऱ्यांतली एक, अजून होती. "मला तिच्याकडे जायचंय. माझा हात आता भराभर चालत नाही. लिहून घ्यायला येशील?"

आम्ही टॅक्सीनं गेलो. आजी अंगणात उन्हात बसली होती. नातवानं मोठ्यानं सांगितलं कोण आलंय ते. तिनं मॅडमना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पंजाबीत म्हणाली, "तू तेव्हा आली होतीस. निळी चुन्नी होती. आम्ही दाराआडून बघत होतो, म्हटलं ही आत येईल."

"आले नाही. चुकलं माझं," मॅडम म्हणाल्या.

"आता आलीस ना, बस," आजी म्हणाली आणि सरकून खाटेवर जागा केली.

ती तीन तास बोलली. मला पंजाबी निम्मीच समजायची. जे कानावर पडेल ते मी देवनागरीत उतरवत होते, अडलं की नातू हळूच हिंदीत सांगायचा. मॅडम मधे फारसं विचारत नव्हत्या. एकदाच त्यांनी विचारलं, तुमच्याबरोबर आणखी कोण कोण होतं? आजीनं बोटं मोजत एकेक नाव सांगितलं, नाव आणि कोणाची सून ते. अकरा नावं झाली. बाराव्या बाईचं नाव काही केल्या तिला आठवेना. दाराबाहेरच्या रस्त्याकडे बघत ती कितीतरी वेळ आठवत राहिली, आणि आम्ही तिघं थांबलो.