वर मामांचा तवा, खाली आबांची पिन

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात नवरी मांडवासमोरून हात हलवत पुढं निघून गेली.

गैरसमज नको. ती पळून जात नव्हती, तिला आम्हीच घेऊन चाललो होतो. गाडी मी चालवत होतो, शेजारी मामा होते, खिडकीशी आबा होते, आणि गाडी मांडवात शिरावी अशी तिघांचीही मनापासून इच्छा होती. गाडीची तेवढी नव्हती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अंथुर्णे गावात आमचं घर बारामती-इंदापूर रस्त्याला अगदी लागून. त्या वर्षी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुना ट्रॅक्टर विकून पिकअप घेतली. ट्रॅक्टर गेला, पण त्याची छोटी ट्रॉली दारातच राहिली. (घेणाऱ्यानं ती फुकटही नेली नाही, यावरून आम्ही काही बोध घ्यायला हवा होता.) सुनंदाचं लग्न इंदापुरात ठरलं तसं आबांनी जाहीर केलं, "पिकअपला ट्रॉली जोडायची. माझ्या लेकीचं वऱ्हाड भाड्याच्या गाडीतनं जाणार न्हाय."

आता ट्रॉली जोडायची तर पिकअपला हूक हवा. तो कुठं बसवायचा यावर आबांचं मत पक्कं होतं. "मागं, बंपरच्या खाली. लोखंडी पट्टी, तिला भोक, भोकात पिन. ट्रॅक्टरला हुती तशी."

मामांचं मत त्याहून पक्कं होतं. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. ते बंदरातून माल आणणारे लांबलचक ट्रेलर चालवायचे, त्यामुळं चाकं असलेल्या सगळ्या वस्तूंवर आपला हक्क आहे असं समजायचे. "दाजी, मागं हूक लावून काय बंद गाडी टोचन करून वढायचीय का? आमच्या ट्रेलरचं बगा. जोड मागं नसतोय, चाकांच्या वर असतोय. लोखंडी तवा असतो, त्यात ट्रेलरचा खुंटा बसतो. सगळं वजन चाकांवर. तुमी मागल्या हौद्यात तवा बसवा."

"आन् हौद्यातला माल कुठं ठिवू? तव्यावर भाजू?" आबा म्हणाले.

झालं. इथून पुढं काय होणार ते आमच्या घरातलं मांजरसुद्धा सांगू शकलं असतं. या दोघांचं आबांच्या लग्नापासून बिनसलेलं. मामांच्या पानात जिलेबी वाढायची राहून गेली होती म्हणे. (आबांच्या मते वाढली होती, मामांनी ती खाल्ली होती, आणि शिवाय नाकबूल केली होती.) तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक कार्याचा शेवट ठरलेला. भर पंगतीतून मामा उठायचे, पिशवी काखोटीला मारून एस.टी.च्या थांब्याकडं निघायचे, आणि आई चुलीपाशी पाठमोरी बसून राहायची. भाऊही तिचा आणि नवराही तिचाच. ती बोलणार तरी कुणाला?

म्हणून सुनंदानं मला एकदा गोठ्यामागं गाठलं. "दादा, मला साडी नको, भांडी नको. माझ्या लग्नात आबा आन् मामा भांडले न्हाईत पायजेत. आईला त्या दिशी रडताना बघायचं न्हाय मला. एवढं बघशील?"

"सोड माझ्यावर," मी म्हणालो.

हूक निवडायला आम्ही तिघं बारामतीला गेलो. भिगवण रस्त्याला एका वेल्डरचं दुकान होतं. त्यानं पिनेच्या पट्ट्या दाखवल्या, कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीचा एक तवाही काढून दाखवला. आबांनी पट्टी वाजवून बघितली आणि मान डोलावली. मामांनी तव्यावर हात फिरवला आणि मान डोलावली. मग दोघांनी एकमेकांच्या वस्तूकडं बघून माना हलवल्या, त्या आडव्या.

"काय लावायचं तेवढं ठरवा," वेल्डर म्हणाला.

"पिन," आबा म्हणाले.

"तवा," मामा म्हणाले. "आन् तवा नसंल तर माझं काय काम न्हाय लग्नात." बोलता बोलता त्यांनी पिशवी उचललीसुद्धा.

लग्न अजून पुढं आणि मामा आत्तापासूनच एस.टी.कडं! माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन्ही लावा."

"दोन्ही?" वेल्डर.

"वर मामांचा तवा, खाली आबांची पिन. ट्रॉलीला दोन दांडे काढायचे, एक हौद्यात जाईल, एक बंपरखाली. दुप्पट मजबूत."

वेल्डरनं थोडा विचार केला. "बळकट तर लई हुईल," तो म्हणाला. आबांना पटलं, कारण पिन राहिली. मामांना पटलं, कारण तवा राहिला. परतताना दोघांनी एकाच गाड्यावर चहा घेतला, आणि मी स्वतःला फार मोठा मुत्सद्दी समजत घरी आलो.

वेल्डर सामान घेऊन अंथुर्ण्याला आला आणि त्यानं दारातच काम उरकलं. पिकअपचं मागचं फळकं काढलं, एक दांडा वरून हौद्यात गेला, दुसरा खालून बंपरला. चाचणी घेतली ती घरासमोरच्या रस्त्यावर, आणि तो रस्ता सरळसोट. पुढं गेलो, झकास. रिव्हर्समध्ये परत आलो, त्याहून झकास. जोडलेली गाडी मागं घेताना ट्रॉली कशी वाकडीतिकडी पळते ते चालवणाऱ्यांना ठाऊक आहे. आमची ट्रॉली फूटपट्टीनं आखल्यासारखी मागं आली. मामा तर गहिवरलेच. "उभ्या जन्मात ट्रेलर इतका सरळ मागं आलेला बगितला न्हाय," ते म्हणाले.

का आला, हे त्यांना कळलं नाही. मलाही नाही.

लग्नाच्या सकाळी ट्रॉलीत गाद्या अंथरल्या, बाजूंना फुलांच्या माळा सोडल्या. पांढऱ्या साडीतली सुनंदा, तिच्या मैत्रिणी, आई आणि झाडून सगळ्या आत्या-मावश्या ट्रॉलीत चढल्या. केबिनमधली जागा मानाची, म्हणून तिथं आबा आणि मामा. लग्न दहाला लागायचं होतं. आमच्या बौद्ध लग्नात मुहूर्त नसतो, त्यामुळं उशीर झाला तर तो ग्रहांवर ढकलता येत नाही. लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी बजावून ठेवलं होतं की त्यांना नंतर दुसरीकडं जायचंय.

शेळगाव गेलं, निमगाव आलं. वाटेतली वळणं बेताची होती, तरी दरवेळी मागून चाकं फरपटल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ मावश्यांचा.

"पाव्हणं, तुमचा तवा वरडतोय," आबा म्हणाले.

"तवा न्हाय वरडत. पिन करकरतीया," मामा म्हणाले.

मी गाणं लावलं.

इंदापूरच्या अलीकडंच डाव्या हाताला मांडव होता. नवऱ्याकडची मंडळी कमानीपाशी फुलं घेऊन उभी होती. आम्हाला बघताच बँड सुरू झाला. मी वेग कमी केला आणि स्टेअरिंग डावीकडं वळवलं. मग आणखी वळवलं. मग होतं नव्हतं तेवढं सगळं वळवलं. पुढची चाकं डावीकडं बघत होती, गाडी सरळ जात होती. नवऱ्याच्या वडिलांनी हार घालावा तसे हात पुढं केले, आणि हातांसमोरून आधी आम्ही गेलो, मग आत्या गेल्या, मग नवरी गेली. आपण वळसा घालून येणार असं समजून सुनंदा हसून हात हलवत होती. बँडवाले आमच्यामागं थोडं पळाले आणि दमून थांबले.

शेवटी मी ब्रेक दाबला. सुनंदा उतरून पुढं आली. तिनं वरचा दांडा बघितला, खालचा बघितला, मग माझ्याकडं बघितलं. इथं सांगायला हवं की मी हायस्कुलात भूमिती शिकवतो आणि सुनंदा माझ्याच वर्गात शिकली होती.

"दादा, दोन बिंदूंतनं रेषा किती जातात?"

"एक," मी म्हणालो.

"कसली?"

"सरळ."

"मग?"

मग काय? एकाच ठिकाणी जोडली असती तर ट्रॉली वळली असती. दोन ठिकाणी आवळून आम्ही पिकअप आणि ट्रॉलीचा मिळून एक लांबलचक वासा केला होता. आता एक जोड सोडायला हवा होता.

"तवा सोडा," आबा म्हणाले.

"पिन काढा," मामा म्हणाले, आणि त्यांचा हात पिशवीकडं गेला.

ट्रॉलीत आईचा चेहरा उतरला. मला रस्त्यातच बसून रडावंसं वाटलं. ज्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं केलं होतं, तीच मी लग्नाच्या दारात आणून उभी केली होती.

"दोन्ही काढा," सुनंदा म्हणाली. "मी चालत निघाले."

आणि ती निघालीसुद्धा. पांढरा पदर सावरत, रस्त्याच्या कडेनं. ते बघून दोन्ही म्हातारे चपापले. आबा हौद्यात चढून मामांचा खुंटा उपसायला लागले, मामा बंपरखाली शिरून आबांची पिन ठोकायला लागले. मोठा आवाज झाला, दोन्ही जोड एकदम सुटले, आणि सुटताना दोन्ही दांडे असे वाकले की परत कशातच बसेनात.

मग मावश्या उतरल्या. सुनंदाला मागं बोलावून आईशेजारी बसवलं. एका दांड्याला आबा लागले, दुसऱ्याला मामा, मागून मी आणि बाकी वऱ्हाड, आणि नवरीची ट्रॉली आम्ही हातानं ढकलत मांडवात नेली. बौद्धाचार्य उभेच होते. दहाला लग्न लागलं.

त्यानंतर नवऱ्याचे वडील सहज चौकशीच्या सुरात म्हणाले, "पाव्हणं, गाडी चांगली हुती की. मग ढकलत का आणली?"

आता सुरू होणार. आबांनी मामांकडं बघितलं, मामांनी आबांकडं बघितलं. मग दोघांनी मिळून माझ्याकडं बोट केलं.

"ह्यो आमचा मास्तर," आबा म्हणाले.

"लई हुशार हाय," मामा म्हणाले.

आणि दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आईसुद्धा हसली. पुढं आमच्याकडच्या प्रत्येक कार्यात दोघं पंगतीला शेजारी बसायला लागले. मी वाढायला वाकलो की बारामतीपासून गोष्ट सुरू करायचे, आणि नवीन पाहुणा भेटला की पुन्हा पहिल्यापासून.

सुनंदा म्हणते, "दादा, शब्द पाळलास." पाळला खरा. पण ते भांडण मिटवायला एक गाढव लागणार आहे हे शब्द देताना मला ठाऊक नव्हतं, आणि ते शोधायला फार लांब जावं लागणार नाही हे तर मुळीच नाही.