परसातलं लाकडी घर

आमच्या ऑफिसात कामं कमी आणि किस्से जास्त. आमच्या दहा बाय पंधरा फुटांच्या घरात जे मावत नाही, ते सगळं किस्स्यांत जाऊन बसतं.

आम्ही इथं आखातात घरामागच्या मोकळ्या जागेत बसतील अशी लाकडी सांगाड्याची छोटी घरं डिझाइन करतो. कुलकर्णी सर मालक, मी ड्रॉइंगवाली, दत्ताराम सुतार. पहिली ऑर्डर सनाबिस वस्तीतल्या अबू यूसुफची. त्याच्या आईचे गुडघे गेलेले, तिची खोली वरच्या मजल्यावर आणि त्या खोलीतूनच पाच नातवंडांची गच्चीवर ये-जा. म्हातारीनं आधीच सांगितलं होतं, "लाकडाच्या पेटीत मी राहणार नाही." ती नाही म्हणाली तर ऑफिस बंद आणि आम्ही तिघंही घरी. मला तर रात्री झोप लागत नव्हती.

*

सरांनी गल्लीची रुंदी नकाशावरून घेतली. अख्खी खोली ट्रकवरून न्यायची होती. ट्रक गल्लीच्या तोंडाशी अडकला.

"नकाशात जागा आहे," सर म्हणाले.

"नकाशात गाड्या पार्क केलेल्या नसतात, सर," मी म्हटलं.

मग खोली सुटी करून एकेक भिंत हातांवरून आत नेली. तेव्हापासून सर त्याला आपली 'पॅनल सिस्टीम' म्हणतात.

*

घर बघायला जो येतो तो भिंतीवर टकटक करून बघतो. लाकडी भिंत पोकळ वाजते आणि माणसाचा चेहरा पडतो. सगळे टकटक करतात ते दाराच्या उजवीकडं, खांद्याच्या उंचीवर. दत्तारामनं तिथं गुपचूप एक जास्तीचा खांब बसवला आणि मला तो ड्रॉइंगमध्येही घालायला लावला.

सरांना तो ड्रॉइंगमध्ये दिसला. "हा कसला भार घेतो?"

"गिऱ्हाइकाच्या संशयाचा, सर," मी म्हटलं.

सरांनी सही केली.

*

अबू यूसुफला घर लहान वाटत होतं. एका सुट्टीत मी मुलीला साइटवर नेलं. आम्ही याच शहरात, सलमानियात, एका खोलीत राहतो. ती आत एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "आई, सेपरेट किचन!"

अबू यूसुफनं त्यानंतर आकाराचा विषय काढला नाही. मला मात्र जरा लागलं.

*

शेवटी म्हातारी बघायला आली. आत उभी राहून एकेका जागेकडं बोट दाखवत गेली.

"कपाट मफी. पडदा मफी. आरसा मफी."

मफी म्हणजे इथल्या अरबीत 'नाही'. सरांचा चेहरा उतरत चालला. कुडाळहून नुकताच आलेला दत्ताराम मात्र दर वेळी हात जोडत होता. शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, म्हातारी देवमाणूस आसा. एकेक चुकीक माफी दिल्यान."

त्याला खरा अर्थ सांगायचं मला धाडस झालं नाही.

मग म्हातारीनं हातानंच सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. दहा मिनिटं गेली. अबू यूसुफनं दार ढकललं, तर आतून कडी.

त्यानं हाका मारल्या. उत्तर नाही. सर खाली पायरीवर बसले. दत्तारामनं येत होते तेवढे दोन शब्द गोळा केले आणि दाराला तोंड लावून विचारलं, "ममा, मुश्किल?"

आतून आवाज आला, "मफी."

अबू यूसुफनं मोठ्या घराकडं वळून बायकोला हाक मारली, "आईचं ताट इकडंच पाठव."