आमेनच्या आधी

आमची ही लोकांचं ऐकते. तोच तिचा धंदा. बायको काय करते असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगतो, आणि समोरचा हसतो, कारण ऐकणारी बायको त्याने कधी पाहिलेली नसते. माझंही ती ऐकत नाही, ते सोडा. दारावरच्या पाटीवर नुसतं 'समुपदेशक' लिहिलंय. चर्चच्या मंडळीतले लोक त्याच्या आधी 'ख्रिस्ती' लावतात आणि मग त्या शब्दाचा हिशोब तिच्याकडे मागत बसतात.

माझं खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवायचं दुकान आहे. तिच्या खोलीतल्या दोन्ही खुर्च्या माझ्या हातच्या. त्या समोरासमोर नाहीत, जरा तिरक्या ठेवल्यात, म्हणजे बोलणाऱ्याला तिच्याकडे बघवत नसेल तर त्याने खुशाल खिडकीकडे बघावं. येणाऱ्याच्या खुर्चीचा उजवा हात सारखा झिजतो. बोलता बोलता लोक तिथलं कापड नखांनी उकरतात. मी मुकाट्याने नवीन चढवतो. कोण बसलं होतं ते विचारत नाही, आणि विचारलं तरी ती ताकास तूर लागू द्यायची नाही.

कागदी रुमालांचा डबा टेबलावर असतो, पण रडणाऱ्यापुढे ती तो कधी सरकवत नाही. सरकवला की माणसाला वाटतं, पुरे झालं, आता डोळे पुसा. प्रार्थनेचंही तसंच. मंडळीतून येणारे खुर्चीत टेकायच्या आत डोळे मिटून हात जोडतात आणि तिने सुरुवात करायची वाट बघतात. ती म्हणते, आधी तुमचं सांगा, प्रार्थना काही पळून जात नाही. कित्येकांना हे झोंबतं. नव्या पाळकांनी तर घरी येऊन सुनावलं की प्रार्थना मागे ठेवायची तर मग हे ख्रिस्ती कसलं? माझं डोकंच फिरलं. तिचं नाही फिरलं.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "एकदा आमेन म्हटलं की माणूस पुढचं बोलत नाही. मी आमच्या घरी पाहिलंय."

तिच्या श्रद्धेवर बोट ठेवणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की त्या-त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकासाठी ती सकाळी दार लोटून एकटी प्रार्थना करते. मग तिची न्याहारी गार होते आणि बोलणी मला बसतात, आठवण का केली नाही म्हणून.

घरी काय पाहिलं होतं, ते आता सांगतो. माझे सासरे पाळक होते. आवाज असा की शेवटच्या बाकावर पेंगणारासुद्धा ताठ बसायचा. हिचा मोठा भाऊ कॉलेजात होता आणि ही शाळेच्या शेवटच्या वर्षाला. एका संध्याकाळी तो वडिलांच्या लिहायच्या खोलीत गेला, बराच वेळ आत होता, बाहेर आला आणि जेवण नको म्हणून झोपला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःचा जीव संपवला.

आत काय बोलणं झालं ते फक्त सासऱ्यांना ठाऊक. सासूबाई विचारायच्या, तो काय म्हणाला हो तुम्हाला? सासरे म्हणायचे, चल, आपण प्रार्थना करू. बिचारी डोळे मिटायची. प्रार्थना व्हायची, आमेन व्हायचं, आणि त्यानंतर तेच परत विचारणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं, असं त्या घरात सगळ्यांनाच वाटायचं. सांत्वनाला येणारेही तेच करून जात. सासूबाई तो प्रश्न पोटात घेऊनच गेल्या. माझा सासऱ्यांवर राग होता आणि तो मी लपवलाही नाही. जावयाने सासऱ्यापुढे मान खाली घालायची असते म्हणे. मी फारशी घातली नाही.

हिने हेच शिक्षण घेतलं ते त्या बंद खोलीपायी. लग्नानंतर लगेचच मला म्हणाली होती, बाबांनी ती संध्याकाळ एकदा सांगावी, मग ते मला काहीही मागोत. पण स्वतः विचारायची नाही. घरच्या माणसाचं समुपदेशन करायचं नसतं, असा त्यांच्या पेशाचा नियम आहे. म्हणून तिने सासऱ्यांना आपल्या ओळखीच्या एका वयस्क बाईंकडे पाठवलं. अडल्यानडल्याला ही स्वतः ज्यांचा सल्ला घ्यायची, त्याच या बाई. सासरे टाय लावून गेले आणि खुशीत परत आले. म्हणाले, बाईंचे गुडघे फार दुखतात, मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. पुढच्या वेळी बाईंच्या सुनेसाठी केली. मला हसू आवरेना. ही मात्र बेसिनपाशी पाठ करून उभी राहिली आणि नळ कितीतरी वेळ तसाच वाहत होता.

मग सासरे खचले. आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं, पुढच्या खोलीत पलंग टाकला. आवाज पार बसला होता. ही त्यांचं पाठीचं पुसणं, पातळ भरवणं सगळं स्वतः करायची आणि मधेमधे हातातलं काम टाकून नुसती पलंगाशी बसायची. ती वाट बघते आहे हे मला कळत होतं. मीसुद्धा बघत होतो, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी मी त्यांच्या पाठीखाली उशी सारत होतो. ही उशाशी होती. सासऱ्यांनी तिचं मनगट धरलं.

"बाळ," ते म्हणाले, "दादा त्या संध्याकाळी माझ्याकडे आला होता ना, तेव्हा तो मला म्हणाला—"

इतक्या वर्षांनी ते वाक्य सुरू झालं होतं. मी उशी तशीच धरून थांबलो. आणि हिने डोळे मिटले, दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला आणि घाईघाईने प्रार्थना सुरू केली. प्रभू, तू बाबांना शांती दे, तू सगळं जाणतोस, त्यांचं ओझं तू घे. शब्दांवर शब्द. मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. सासरे तिच्याकडे बघत राहिले. मग सवयीप्रमाणे त्यांनीही डोळे मिटले आणि ती थांबल्यावर म्हणाले, आमेन.

त्यानंतर ते पाणी मागायचे, खिडकी लावा म्हणायचे. त्या संध्याकाळबद्दल एक अक्षर नाही. आठवडा पुरा व्हायच्या आत गेले.

जी बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला पुरतं बोलू देते, तिने बापालाच मधे तोडलं? विचारायची हिंमत झाली नाही. तिने काम बंद ठेवलं. गुडघेवाल्या बाईंकडे जाऊन आली आणि म्हणाली, तिथेही तोंडातून शब्द फुटला नाही.

मग एकदा ती माझ्या दुकानात आली. मी एका जुन्या खुर्चीचे खिळे उपसत होतो. कापूस पसरला होता, बसायला धड जागा नव्हती, तर ती गोण्यांवरच बसली. मी खिळे उपसत राहिलो, कारण थांबलो असतो तर ती उठून गेली असती.

"बाबांना सांगायचं होतं," ती म्हणाली. "मलाच ऐकायचं नव्हतं."

मी म्हटलं, अगं, तू तर सगळा जन्म त्याचीच वाट बघितलीस.

"हो, बघितली. पण ते दादाचं बोलणं सांगायला लागले आणि मला वाटलं, आता माझं नाव येणार." तिने पदराने तोंड पुसलं. "तो आधी माझ्याकडे आला होता हो. दारात उभा राहिला, म्हणाला, जरा बोलायचंय, बस ना माझ्याजवळ. माझी परीक्षा होती. मी पुस्तकातून मानसुद्धा वर केली नाही."

पक्कड माझ्या हातातच राहिली.

"मी त्याला म्हटलं, मला वेळ नाही. बाबांकडे जा, ते प्रार्थना करतील."