आईचा पूर्ण पत्ता, खाणाखुणांसह

माझ्या आईचं नाव, तिचा मोबाइल नंबर आणि आमच्या घरी नेमकं कसं यायचं, हे मी साऱ्या जगाला सांगितलं. स्वतः टाइप करून सांगितलं. पाठवण्याआधी दोनदा तपासलं.

आई एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. किल्लारी, औसा, चाकूर, सगळीकडे बदल्या झाल्या. निम्म्या लातूर जिल्ह्याला तिनं सुया टोचल्यात आणि उरलेल्या निम्म्याला जन्मताच उलटं धरून रडवलंय. रिटायर होऊन ती आमच्याकडे राहायला आली आणि पहिले वीस दिवस तिनं माझं नि माझ्या बायकोचं बी.पी. सकाळ-संध्याकाळ मोजलं. एकविसाव्या दिवशी तिचं लक्ष गल्लीकडे गेलं. आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरावर मुलींच्या होस्टेलची पाटी. गावोगावाहून डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी. माणसाची सगळी हाडं तोंडपाठ, पण स्वतःचं पोट दुखलं तर विचारायचं कुणाला, याचा पत्ता नाही.

"मिल्या," आई म्हणाली, "ह्या पोरींना विचारायला एक जागा पायजे. तोंड न दाखवता."

"वेबसाइट काढू की."

"काढ. पर ध्यानात ठेव, विचारणारीचं नाव न्हाई अन् सांगणारीचं बी न्हाई, निस्तं 'मावशी' म्हणायचं. ही मावशी म्हंजे सोनकांबळे सिस्टर हाय असं कळलं तर गल्लीतली एक पोरगी लिहिणार न्हाई. रोज गेटात दिसणाऱ्या बाईला असलं कोण विचारील?"

"आई, काळजीच करू नको. मी हाय ना."

(हे वाक्य आमच्या घरात गॅसच्या वासासारखं घेतात. सगळे आधी खिडक्या उघडतात.)

आता मी पडलो औशाच्या कचेरीतला सरकारी नोकर. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मोठ्या बाबूंनी कानमंत्र दिला होता : स्वतःच्या नावावर काही करायचं नाही. तेव्हापासून माझी स्कूटर बायकोच्या नावावर, प्लॉट आईच्या नावावर आणि समोरच्या काकूंनी नावं ठेवली नसती तर कुत्राही सासऱ्यांच्या नावावर केला असता. तेव्हा वेबसाइटही सवयीनं आईच्या नावावर केली.

वेबसाइटचं नाव विकणाऱ्या कंपनीचा फॉर्म होता. 'मालकाचे पूर्ण नाव.' लिहिलं : निर्मला सोनकांबळे. 'पूर्ण पत्ता. माहिती अपुरी आढळल्यास नाव रद्द होईल.' रद्द या शब्दाला मी नागापेक्षा जास्त भितो. आणि लातुरात पूर्ण पत्ता म्हणजे काय, हे कुरियरवाल्यांनी मला दहा वर्षं शिव्या देऊन शिकवलंय. घर नंबर आमच्याकडे फक्त महापालिकेला माहीत असतो. म्हणून मी असा पत्ता लिहिला : 'पाण्याच्या टाकीमागची गल्ली, निळं गेट, बेल बंद आहे, कडी जोरात वाजवावी, कुत्रं मोकळं असतं पण काही करत नाही, घरी कुणी नसल्यास समोर बिराजदार काकूंकडे बसावं.'

शेवटी एक चौकोन होता. 'तुमची माहिती लोकांपासून लपवायची आहे का?' त्यात आधीच बरोबरची खूण. मला वाटलं, बसचं तिकीट काढताना गुपचूप विमा चिकटवतात तसलाच हा प्रकार. मी हसलो. मी मुरलेला माणूस. खूण काढून टाकली.

ही मंडळी तो फॉर्म चव्हाट्यावर टांगतात, हे मला कुणी सांगितलं नाही! जगातला कुणीही उठून बघू शकतो की ही साइट कुणाची, राहतो कुठं, फोन किती. अरे, काही लाज? आमच्या कचेरीत मालक स्वतः चपला झिजवत आला तरी त्याला त्याचीच फाइल दिसत नाही. ह्याला म्हणतात गोपनीयता. आणि हे लोक? एका म्हातारीच्या घराची कडी कशी वाजवायची तेसुद्धा अमेरिकेला दाखवून मोकळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच आईचा फोन वाजायला लागला.

"निर्मला मॅडम? आपकी नई वेबसाइट के लिए लोगो बनवाना है क्या?"

"नंबर किन दिया तेरे को?"

"मॅडम, बहुत सस्ते में..."

"पहले ये बोल, तेरी आवाज ऐसी कायको आरी? कितने दिन से खांसी है?"

दुपारपर्यंत अठ्ठावीस फोन आले. सगळे लोगोवाले, नाहीतर 'गुगलवर पहिला नंबर देतो' वाले. आईनं दोघांचं जेवण सुधारलं, एकाची तंबाखू सोडवायला घेतली आणि त्या खोकल्यावाल्याला बेडके तपासायला पाठवलं. चौथ्या दिवशी त्याचा परत फोन. "मॅडम, रिपोर्ट नॉर्मल आया. लोगो का क्या सोचा?"

आईनं फोन ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"माझा नंबर कुठून गेला रं?"

"आजकाल सगळ्यांचेच जातात, आई," मी म्हणालो आणि लगबगीनं औशाची बस धरली.

साइट मात्र सुसाट चालली होती. पोरी धडाधड विचारत होत्या. परीक्षेच्या दिवशी पाळी आली तर काय, केस का गळतात, रडू का येतं. आई एका बोटानं टाइप करून एकेकीला उत्तर देत होती. तीन आठवडे मी गल्लीतून छाती काढून चाललो.

मग एका गुरुवारी बायको चाकूरला शाळेत शिकवायला, आई बाजारात नि मी कचेरीत असताना बिराजदार काकूंचा फोन आला.

"मिलिंद, नांदेडचे पाव्हणे आलेत तुमच्याकडं. घर बंद हाय म्हणून माझ्याकडं बसवलंय. चहा झालाय. पोरींना पाळीचं सांगणारी ती कोण मावशी हाय, तिला शोधायलेत." काकूंनी दम घेतला. "का रं, ती मावशी म्हंजे आपली सिस्टर व्हय?"

मी कचेरीतून असा पळालो की रांगेतल्या लोकांना वाटलं भूकंप आला. घरी पोचेस्तोवर आई आली होती. समोर एक जाडजूड गृहस्थ बसलेले, हातात छापलेला कागद. त्यांच्या कॉम्प्युटरवाल्या मेव्हण्यानं दोन मिनिटांत साइटचा मालक शोधून दिला होता.

"पत्ता मातर बेस दिलाय," पाव्हणे मला म्हणाले. "कुठंच चुकलो न्हाई. बेलला हातच लावला न्हाई, सरळ कडी."

आईनं तो कागद हातात घेतला आणि भोंदू वैद्याची चिठ्ठी वाचावी तसा मोठ्यानं वाचला. टाकी, गेट, बेल, कडी. शेवटी थांबली.

"कुत्रं काही करत नाही," तिनं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "खरंच हाय. कुत्रं काही करत न्हाई. पोरगंच करतंय."

त्यानंतर ती माझ्याशी एक अवाक्षर बोलली नाही. पाव्हण्यांकडे वळली. "हं, बोला."

"माझी पोरगी ह्याच गल्लीत शिकायला हाय. तुमचं वाचून मला इच्यारती, परीक्षेआधी पाळी पुढं ढकलायची गोळी घेऊ का म्हणून. असलं शिकवता व्हय पोरींना?"

"मनानं घेऊ नको, डॉक्टरला दाखव, असं लिवलंय मी. वाचलं का?"

"मी कशाला वाचू असलं?"

"मग छापून आणलं काय? निस्ता पत्ता?"

पाव्हणे तापले. "ते जाऊ द्या. माझ्या पोरीनं आजवर काय काय इच्यारलं ते दाखवा. बाप हाय मी तिचा."

"न्हाई दाखवता येत."

"का म्हणून?"

"तुमची कंची हाय तेच मला ठाव न्हाई. नावाचा रकानाच न्हाई तिथं."

(रकाना होता. मीच टाकला होता, तारांकित, भरल्याशिवाय पुढं जाता येणार नाही असा. आईनं पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यावर उभं राहून तो काढायला लावला होता.)

"आणि ठाव असतं तरी दाखवलं नसतं," आई म्हणाली. "एकतीस वर्षांत एका पोरीचा कागद बापाच्या हातात दिला न्हाई. अन् तुमच्या पोरीनं गोळीचं तुमालाच इच्यारलं. बापाला इतकं इच्यारणारी पोरगी हाय, अन् तुमी तिची झडती घ्याया निघालात?"

पाव्हणे उठले. गेटात जाऊन म्हणाले, "तक्रार करीन मी."

"करा की," आई म्हणाली. "पत्ता हाय तुमच्याकडं."

संध्याकाळपर्यंत काकूंनी घरोघरी सांगत गल्ली पूर्ण केली होती. आईला जी भीती होती तेच झालं. शुक्रवारी एकही प्रश्न आला नाही. शनिवारी नाही. आई रोज सकाळी साइट उघडायची, बघायची, बंद करायची.

मी कंपनीवर तुटून पडलो. नाव लपवा म्हणालो. उत्तर आलं, 'आपली गोपनीयता आम्हाला महत्त्वाची आहे. कृपया मालकाचं आधार कार्ड, लाइटबिल व फोटो पाठवा.' म्हणजे नाव लपवायला आधी आणखी तीन कागदांवर नाव द्यायचं! मी असली पत्रं लिहिली की ती वाचणाऱ्याचं बी.पी. आईनंच मोजावं. सहा दिवसांनी त्यांनी नाव झाकलं. मग दिसलं, दुसऱ्याच एका साइटनं जुना कागद जसाच्या तसा उतरवून ठेवलाय, कडी-कुत्र्यासकट. मी परत कंपनीला विचारलं. 'तो विषय आमच्या अखत्यारीत येत नाही.' हे वाक्य मी स्वतः खिडकीतून दिवसाला तीसदा म्हणतो. समोरून ऐकायला इतकं घाण वाटतं, हे मला तेव्हा कळलं. (सोमवारी कामावर गेल्यावर परत म्हणालोच. सवय.)

घरात आई सुनेमार्फत बोलत होती. "त्यांना म्हणावं, भात झालाय." मी कंपनीवर, पाव्हण्यांवर, काकूंवर चिडून होतो. कुत्र्यावरही एकदा ओरडलो. माझ्यावर चिडायला वेळच मिळाला नाही.

नवव्या दिवशी राहवलं नाही. बाहेरच्या खोलीत बसून मीच साइटवर प्रश्न टाकला : 'मी नांदेडची, एकोणीस वर्षांची मुलगी. माझ्या हातून आईचं एक गुपित फुटलं. आई बोलत नाही. काय करू?'

अर्ध्या तासानं मावशीचं उत्तर आलं. 'बाई, फुटलं ते आता परत भरता येत न्हाई. पर दुसऱ्यांचं जे तुझ्यापाशी नव्हतंच ते फुटलं न्हाई, हे बी बघ. आईचा राग हाय, उतरंल. जेवण टाळू नको.'

आणि मग गंमत झाली. दुसऱ्या दिवशी त्याखाली पोरी येऊन बसल्या. एकीनं लिहिलं, ताई, माझंही असंच झालंय. दुसरीनं मला मनसोक्त रडायचा सल्ला दिला. तिसरीनं लोहाच्या गोळ्या सुचवल्या. चौथीनं लिहिलं, 'मावशी, तुम्ही कोण ते आम्हाला कळलंय. पण आम्ही कोण ते तुम्हाला कळणार नाही ना?' आईनं एकच शब्द टाइप केला : न्हाई. आठवडाभरात प्रश्नांची रांग पूर्वीसारखी लागली.

म्हणजे साइट वाचवली कुणी? मीच की. आणि कुणाला कानोकान खबर नाही. त्या समाधानात मी जेवायला बसलो. आईनं भाताचं पातेलं घेतलं, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली.

"नांदेडच्या पोरी, भात वाढू का?"

मी ताट पुढं केलं.

"खोटं गाव, खोटं वय," ती वाढता वाढता म्हणाली. "हे डोकं फॉर्म भरताना कुठं गेलतं रं?"