क्रेनवाल्या बाळूचा बँड

किस्से कोणी गोळा करत नाही. भिलाईच्या स्टील प्लांटची लाल धूळ जशी बुटाला लागून घरी यायची, तसे तेही येतात. झटकले तरी थोडे राहतातच. आता सेक्टर ६ मध्ये मुलाच्या क्वार्टरसमोर खुर्ची टाकून बसलो की जुने दोस्त म्हणतात, "भाऊ, बँडचं सांगा न." मी हळू बोलतो, त्यांचा चहा थंड होतो. पण सांगतो.

बँड तिघांचा होता. नाव ‘हॉट मेटल’, म्हणजे भट्टीतून निघालेलं वितळलेलं लोखंड. बाळू गिटार वाजवायचा, रोलिंग मिलमध्ये तो क्रेन चालवायचा. थॉमस गायचा आणि बेस गिटारही सांभाळायचा, तो त्याच मिलमध्ये फिटर. मी ड्रमवर. मिलमध्ये माझं काम क्रेनच्या हुकाला लोखंड बांधून द्यायचं. शिक्षण चौथी.

लहानपणी भंडाऱ्याकडे, आमच्या गावच्या दंडारीच्या खेळात मी ढोलकी वाजवायचो. तोच हात बाळूने गणपतीच्या मिरवणुकीत ऐकला आणि माझ्या मागेच लागला.

"भाऊ, इंग्रजी गानं वाजवान का?"

"मले इंग्रजी येत नाई, बाळू."

"ड्रमले कोनती भाषा लागते?"

पहिल्या दिवशी थॉमस ओरडला, "वन, टू, थ्री, फोर!" मी वाट पाहत बसलो. त्याने पुन्हा मोजलं. मी पुन्हा बसूनच.

बाळू म्हणाला, "भाऊ, सुरू कावून नाई करत?"

मी म्हटलं, "तो मोजून राहिला न. त्याचं मोजनं झालं की सांगजा."

*

बाळूला एका जागी बसवत नसे. जेवताना पाय हलवायचा, तर ताटातलं वरण थरथरायचं. प्रॅक्टिसला यायचा आणि खोलीत फेऱ्या मारायचा. वडील गेल्यावर त्यांच्या जागी तो कंपनीत लागला होता, घरात कमावता तो एकटाच. त्याला नोकरी सोडून मुंबईला जायचं होतं, पण आईला विचारल्याशिवाय त्याचा पाय निघेना. आई म्हणायची, "मी एकदा पाहीन तू काय वाजवतं ते. मंग सांगीन, जाय का राहाय."

आणि पाहायला काही ती येत नव्हती. कधी गुडघा दुखायचा, कधी पाहुणे यायचे.

*

प्रॅक्टिस थॉमसच्या क्वार्टरमध्ये. पण भिलाईत कुठल्याही वेळी कोणी ना कोणी रात्रपाळी करून झोपलेला असतो. सकाळी वाजवलं तर डावीकडचा उठायचा, दुपारी वाजवलं तर वरचा. एकदा वरच्या मजल्यावरचे बाबू बनियनवरच खाली आले. आम्हाला वाटलं, आता मार.

ते हात जोडून म्हणाले, "माझी झोप गेली ते जाऊ द्या. पण ते एकच गाणं तुम्ही महिनाभर चुकवून राहिले. आज बरोबर वाजवा, मी इथंच बसतो."

बसले बिचारे. आम्ही पुन्हा चुकलो.

*

मिलच्या आवाजात वर्षं काढल्यामुळे आम्हा तिघांचे कान मंदावले होते. हे आम्हाला माहीत नव्हतं. दुर्गच्या एका गणपती मंडपात वाजवायला गेलो. पहिल्या गाण्याला लोकांनी खुर्च्या मागे सरकवल्या. दुसऱ्या गाण्याला आणखी मागे. शेवटी मंडप रिकामा, सगळी माणसं रस्त्यापलीकडे पानठेल्यापाशी.

समोर फक्त आमच्या मिलचे चार म्हातारे उरले. त्यातला एक कानाला हात लावून म्हणाला, "पोट्टेहो, जरा मोठ्यानं वाजवा न."

*

नंदिनी नगरला, खाणीच्या वसाहतीत, विश्वकर्मा पूजेला दिवसा कार्यक्रम होता. थॉमस माइकवर म्हणाला, "अब आप लोग ज़िंदगी की सबसे ज़ोरदार आवाज़ सुनेंगे." आम्ही जीव तोडून वाजवलं. माझी एक काठी मोडली. एकही टाळी नाही.

संपल्यावर पूजेचा पुजारी बाळूला प्रसाद देत म्हणाला, "बेटा, बुरा मत मानना. यहाँ रोज़ पहाड़ फूटता है."

परतताना टेंपोत बाळू बसलाच नाही, दांडा धरून उभा राहिला. म्हणाला, "भाऊ, इथं आपलं कोनी ऐकत नाई. मले जाऊ द्या इथून."

*

मग रायपूरची स्पर्धा आली. मुंबईचा एक कॅसेट कंपनीवाला येणार होता, एक बँड निवडून सोबत नेणार होता. बाळू म्हणाला, "आता नाई तं कधीच नाई." या वेळी त्याची आईही निघाली. सेक्टरमधून बस भरून माणसं आली. पुढच्या रांगा पाहुण्यांच्या, म्हणून आई मागे बसली.

आमचं शेवटचं गाणं होतं. थॉमस थांबला आणि बाळूची गिटार एकटी सुरू झाली. तसं त्याने कधी वाजवलं नव्हतं. मुंबईवाला खुर्चीत पुढे सरकला. समोरची कॉलेजची पोरं उभी राहून नाचू लागली.

आता क्रेनचा एक नियम सांगतो. खालच्या माणसाने दोन्ही हात पसरून, तळवे जमिनीकडे करून हलवले की क्रेन थांबवायची. तो साहेब आहे की झाडूवाला, हे पाहायचं नाही. कशाला, हे विचारायचं नाही. माणसांच्या डोक्यावर लोखंड लटकत असतं.

नाचणाऱ्या पोरांमुळे आईला काही दिसेना. ती उभी राहिली, दोन्ही हात पसरले आणि तळवे खाली करून हलवू लागली. बसा बाप्पा, बसा.

बाळूने ते पाहिलं. सूर अर्धा होता, तिथेच त्याचा हात थांबला. माझ्या काठ्या थांबल्या. थॉमस जागच्या जागी थिजला. हॉलमधले सगळे भिलाईवाले मान वर करून छताकडे पाहू लागले. रायपूरवाले हसले. मुंबईवाल्याने घड्याळ पाहिलं आणि बॅग उचलली.

पोरं गोंधळून खाली बसली. आईने पदर सारखा केला आणि त्या शांततेत म्हणाली, "हां. आता दिसते. वाजव."

बाळूने दाराकडे जाणारा मुंबईवाला पाहिला. मग आईकडे पाहिलं. आणि गाणं पहिल्यापासून वाजवलं.

परतीच्या बसमध्ये बाळू आईशेजारी बसला. काय झालं, हे आईला कोणीच सांगितलं नाही. वाटेतलं कुम्हारी गाव गेल्यावर तिनेच बाळूच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चांगलं वाजवतं रे तू. जाय मुंबईले. पन तिथं मले पयल्या लाइनीत बसवजो. मांगून लय वेळा उठा लागते."