डावीकडचा तंबोरा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, सगळ्या कारखान्यांत, मला कानाचा माणूस म्हणतात. म्हणजे, म्हणायचे. लेथ असो नाहीतर मिलिंग, मशीन कुरकुरायला लागलं की मला हाक यायची. मी लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचो, टोक चालत्या मशीनच्या बेअरिंगपाशी टेकवायचो, मूठ डाव्या कानाच्या भोकावर दाबायचो आणि डोळे मिटायचो. कुठलं बेअरिंग गेलंय ते मशीन उघडायच्या आधी सांगायचो. माझ्यासारखे फिटर पन्नास मिळतील, पण कान माझा एकट्याचा, असा माझा तोरा होता. खोटं कशाला बोलू, पगारही त्या कानाचाच होता.

गेल्या वर्षी त्या कानानं दगा दिला. मोठ्या लेथच्या स्पिंडलला, म्हणजे फिरत्या दांड्याला, आवाज येत होता. मी ऐकून सांगितलं, मागचं बेअरिंग. दोन माणसं दिवसभर खपली, मागचं उघडलं, तर आत बेअरिंग नव्यासारखं. गेलेलं पुढचं होतं. मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "काय ओ, कान घरात इसरून आलासा व्हय?" सगळी हसली, मीही हसलो. मनातून मात्र ते हसण्यावारी नेता येत नव्हतं.

कारण घरात बायको सहा महिने तेच सांगत होती. "अवो, डावीकडनं हाक मारली की तुमी वळतच न्हाईसा." मी खेकसायचो, "तू हळू बोलतीस!" आता आमच्या कोल्हापुरात हळू बोलतंय कोण? दोघं मेथीच्या पेंढीचा भाव करत असले तरी परगावचा माणूस भांडण सोडवायला धावेल. अशा गावात माणसाचा कान कमी झालेला कळणार कधी? मोबाइलचा इयरफोन लावला तर डावा बारीक वाजायचा. मी म्हटलं, स्वस्तातला माल. दुसरा आणला, तोही डावीकडं बारीक. त्यालाही शिव्या घातल्या.

डॉक्टरकडं जायची हिंमत नव्हती. डॉक्टर कागदावर लिहून देणार, आणि असला कागद उद्यमनगरात पोचायला वेळ लागत नाही. मग डोक्यात आलं की एकदा गाणी ऐकायची अशी सिस्टीम जुळवायची, जिच्या प्रत्येक भागाची मला खात्री असेल. त्यावर दोन्ही कान सारखे वाजले की प्रश्न मिटला. घरात सांगितलं, छंद आहे. बायको म्हणाली, "दोन खोल्या, त्यात पोरीची बारावी. स्पीकर आणून बघा, तुमास्नीच भाईर ठेवतो." मला स्पीकर नकोच होता. हेडफोनमध्ये एका कानाचं दुसऱ्याला झाकता येत नाही.

सगळं पंधरा हजारात बसवायचं ठरवलं. पोरीचा बिजागरी तुटलेला जुना लॅपटॉप होता. त्याला जोडायला डॅक नावाची काडेपेटीएवढी डबी घेतली. फायलीतल्या आकड्यांचा नीट आवाज करून पुढं पाठवते. हेडफोन पुण्याच्या एका माणसाकडून वापरलेला घेतला. त्याच्या पाठीला जाळी आहे, त्यामुळं घालून बसलं तरी आतली फोडणी ऐकू येते. राहिला ॲम्प्लिफायर. तो बांधून घेतला महाद्वार रोडमागच्या बोळातल्या रेडिओवाल्या काकांकडून. शाळेत असताना मी ह्यांच्याच बाकावर सोल्डरिंग शिकलो. आता ते सत्तरीच्या पुढं गेलेत. हात थरथरतो, म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट धरून सोल्डर लावतात. तरी टाका असा पडतो की बघत राहावं. भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीतून ॲम्प्लिफायरचा डबा मी केला, जेवणाच्या सुट्टीत. आवाजाचं बटण पितळेचं, लेथवर काढलं. काकांनी ते हातात फिरवून बघितलं आणि म्हणाले, "आयला, बटणच दागिन्यागत केलंस की."

रविवारी दुपारी सगळं जोडलं. लावायचं काय ते ठरलेलं होतं. एका बाईंचा जुना ख्याल, काकांच्या दुकानात लहानपणी शंभरदा ऐकलेला. दोन स्पीकरच्या मधोमध ते मला बसवायचे आणि सांगायचे, "तंबोरा डावीकडं, तबला उजवीकडं, बाई मधी. बाई मधी बसल्या न्हाईत तर मशीन भिकार."

मी हेडफोन चढवला. तबला आला, स्वच्छ, बोटं मोजता येतील असा. बाईंचा आवाज लागला, पण मधोमध नाही. उजव्या कानाला चिकटून. आणि डावीकडं कापूस घातल्यासारखं काहीतरी लांबचं. तंबोरा नव्हताच. पंखा चालू होता तरी बनियन भिजलं.

आमच्या कामात एक नियम आहे. शंका आली की अदलाबदल. दोन सारखे भाग काढायचे आणि ह्याच्या जागी तो, त्याच्या जागी हा बसवायचा. दोष भागाबरोबर सरकला तर भाग वाईट. दोष जागेवरच राहिला तर जागा वाईट. नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो आम्ही हे. हेडफोन काढून उलटा घालायला दोन सेकंद लागतात. मी वायर बदलली. पिना स्पिरिटनं पुसल्या. लॅपटॉपचं दुसरं भोक वापरून बघितलं. डॅक उघडून फुंकर मारली. सगळं केलं, तेवढं एक सोडून.

सोमवारी डबा काखेत मारून काकांकडं. "डावी बाजू मार खातीय." त्यांनी मीटर लावला, दोन्ही बाजू सारख्या. तरी माझ्या समाधानासाठी आतला व्हॉल्यूम कंट्रोल नवीन घातला. घरी आलो, तेच. गुरुवारी परत गेलो. त्यांनी परत तपासलं, शांतपणे म्हणाले, "ह्यात कायबी न्हाय." घरी आलो, तेच. तेवढ्यात कारखान्यात एका मिलिंगला आवाज यायला लागला आणि मला हाक आली. मी पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि संडासात जाऊन बसलो. पंचेचाळिशी उलटलेला माणूस, संडासाची कडी लावून बसलाय. लाज वाटली आणि त्या लाजेचा राग आला, आणि तो राग घेऊन मी शनिवारी तिसऱ्यांदा दुकानात गेलो.

दुकानात मुरगूडचं एक पावणं आलेलं, भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर दुरुस्तीला घेऊन. मी त्यांना बघितलं आणि तरी तोंड सोडलं. "काका, तिसरी खेप हाय ही! हात बघा तुमचा, कसा थरथरालाय. सोल्डर कुठं सांडलंय आत कुणास ठावं. जमत नसंल तर सरळ सांगायचं की, जमत न्हाय म्हणून!"

पावण्यांनी एकदा काकांच्या हाताकडं बघितलं, एकदा आपल्या ॲम्प्लिफायरकडं. मग तो हळूच उचलला. "येतो की परत सवडीनं," म्हणाले, आणि बोळातून गेले. ते परत यायचे नव्हते, हे आम्हा दोघांनाही कळलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. आवाज चढवला नाही, आणि आमच्या गावात कुणी आवाज चढवला नाही की समजायचं, लागलंय. म्हणाले, "दुखणं रेड्याला आन डाग पखालीला. हेडफोन उलटा घालून बघितलास काय?"

"बघितला."

"खोटं बोलालायस. आल्यापासनं मी बोललो की उजवा कान फुडं करालायस तू. तीन खेपा बघतोय."

मी डबा उचलून चालू पडलो. चालताना त्यांना शिव्या घालत होतो, मनातल्या मनात, आणि एकही मनापासून निघत नव्हती.

घरी मायलेकी बाजारात गेलेल्या. मी खुर्चीवर बसलो. ख्याल लावला. हेडफोन मांडीवर घेतला, त्यावरची डाव्या-उजव्याची बारीक अक्षरं बघितली आणि उलटा चढवला.

तंबोरा आला. उजव्या कानात, भरलेला, एक तार दुसरीत मिसळत. इतके दिवस तिथंच होता बिचारा. आणि तबला गेला. बाई होत्या तिथंच, उजवीकडं. दोष जागेवर राहिला होता. मशीनमध्ये काही खोट नव्हती, काकांच्या हातात नव्हती, पुण्याच्या त्या माणसाच्या हेडफोनमध्ये नव्हती. मी रडलो. मोठ्यानं रडलो की हळू, ते मला सांगता येणार नाही.

मग कानाच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि सांगितलं, डाव्या कानाची नस दमलीय, परत यायची नाही, उजवा जपा. मशीनच्या आवाजात काम करता का, विचारलं. मी म्हटलं, व्हय. "पण मग दोन्ही कान सारखे जायला हवेत," ते म्हणाले. "एकाच बाजूनं मोठा आवाज कुठं?" मला उत्तर लगेच आलं. गणपतीची मिरवणूक. सोळा वर्षं मी आमच्या मंडळाचा गर्दी अडवायचा दोर धरला. माझी जागा ठरलेली होती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या उजव्या अंगाला, स्पीकरच्या भिंतीला खेटून. दुसऱ्यानं ती जागा घेतली तर मी भांडायचो. भिंत माझ्या डाव्या कानापासून हातभर लांब. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानात शिट्टी वाजायची आणि चहाच्या गाड्यावर आम्ही ती मिरवायचो. ज्याचा कान वाजला नाही त्याची मिरवणूक कसली? ज्या कानावर भाकरी होती तो मी हौसेनं, आपल्या पायानं चालत नेऊन तिथं ठेवला. कुणी सांगितलं असतं तर ऐकलं असतं काय? त्याचीच टर उडवली असती.

मालकांना सगळं सांगितलं. म्हटलं, डाव्या कानाचं खरं धरू नका. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मग उजव्याला लाव की. मशीनला काय कळतंय?" नोकरी राहिली. पण आता माझ्यानंतर एकजण मशीनची थरथर मोजायचा मीटर लावून बघतो, आणि माझं आणि मीटरचं जुळलं तरच मशीन उघडतात. मी तिथंच उभा असतो, हात पुसत.

पुढच्या रविवारी सगळं पिशवीत भरून काकांच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक कुणी नव्हतं, असतं तर बरं झालं असतं. चारचौघांत बोललेलं चारचौघांतच मागं घ्यायला पाहिजे होतं. "काका, चुकलो. दोष माझ्यात हाय. मुरगूडचा पत्ता द्या, मी स्वतः जाऊन आणतो त्यांचा ॲम्प्लिफायर."

"त्यो कागलात दिलाय त्यांनी दुरुस्तीला," काका म्हणाले. "जाऊ दे. बस."

मी बाकावर सगळं मांडलं, ख्याल लावला आणि हेडफोन काकांच्या डोक्यावर चढवला. त्यांनी पितळी बटण थरथरत्या हातानं थोडं फिरवलं आणि डोळे मिटले. जाळीतून मला बारीक काहीतरी ऐकू येत होतं, उजव्या कानाला. मी ताटकळत उभा. एवढा जीव तर स्पिंडल उघडताना पण टांगणीला लागला नव्हता.

"तंबोरा?" मी मोठ्यानं विचारलं.

त्यांनी डाव्या कानाकडं बोट केलं.

"तबला?"

उजवीकडं.

"आणि बाई? बाई कुठं बसल्यात काका?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. हात वर आणला आणि बोट दोन भुवयांच्या मधोमध टेकवलं. "हितं," म्हणाले.

"काका," मी म्हटलं, "बोट काढू नका. जरा तसंच ठेवा, मला बघू द्या."